नेलपॉलिशच्या रेघेपर्यंत

थंडीत पाणी जड होतं, हे मला रसायनशास्त्राच्या पदवीने शिकवलं नाही. पुस्तकात ते असणारच. परीक्षेपुरतं पाठ करून मी ते विसरले असणार. मला ते शिकवलं बबनकाका नावाच्या एका माजी जीप ड्रायव्हरने, आणि तेही मी त्यांचं नुकसान करून बसल्यावर.

बीड जिल्ह्यात पाणी शुद्ध करायचे प्लांट बसवणं आणि दुरुस्त करणं, हे काम मी वीसेक वर्षं केलं. आता गुडघे टाकीच्या शिडीला नकार देतात, म्हणून फोनवरूनच सल्ले देते. गावोगावी मला 'आरओच्या मॅडम' म्हणत. एका गावात तर आरओ हे माझं आडनाव आहे अशी समजूत होती आणि लग्नाच्या पत्रिकेवर 'सौ. मंदाताई आरो' असं छापून आलं होतं. ती पत्रिका मी अजून जपून ठेवली आहे.

आमच्या भागातली बरीच बोअर खोल, आणि पाण्यात क्षार भरपूर. ते काढण्यासाठी जी वस्तू वापरतात तिला मेम्ब्रेन म्हणतात. म्हणजे पडदा. लोकांना वाटतं, ती एक बारीक चाळणी असते. मीही सुरुवातीला तसंच सांगायचे, पण ते अर्धंच खरं आहे. मीठ पाण्यात विरघळलं की चाळणीला सापडत नाही. म्हणून मी कैरीपासून सुरुवात करू लागले. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात भांड्यात पाणी सुटतं, हे प्रत्येक घरात माहीत असतं. ते पाणी फोडीच्या आतलं. बाहेरच्या मिठाने ते ओढून घेतलं. पाण्याची ओढ नेहमी मिठाकडे. आमचं मशीन नेमकं उलटं करतं. एका बाजूला खारं पाणी, मध्ये पडदा, आणि खाऱ्या पाण्यावर पंपाने एवढा दाब द्यायचा की मिठाची ओढ मोडून पाणी एकटंच पलीकडे जाईल. मीठ अलीकडेच राहील.

पडदा सपाट ठेवला तर फार जागा खाईल, म्हणून त्याचं उशीच्या अभ्र्यासारखं पाकीट करतात. तीन बाजू चिकटवलेल्या, चौथी उघडी बाजू मधल्या भोकाभोकांच्या नळीला जोडलेली. अशी बरीच पाकिटं त्या नळीभोवती सतरंजीसारखी घट्ट गुंडाळतात. खारं पाणी गुंडाळीच्या फटींतून पळतं, त्यातलं थोडं पडद्यातून अभ्र्यात शिरतं, गोल गोल फिरत मधल्या नळीत येतं आणि नळाला गोड पाणी येतं. उरलेलं पाणी सगळे क्षार घेऊन दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं. हे बाहेर पडणारं पाणी पाहून लोकांचा जीव तुटतो. माझाही तुटायचा. दुष्काळाच्या वर्षांत प्लांटच्या मागे वाहणारी ती धार पाहताना मला अपराधी वाटायचं, आणि आजही त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. धुण्याभांड्याला वापरा, एवढंच सांगते.

चौसाळ्याजवळच्या एका हॉटेलवाल्याने मात्र स्वतःचं उत्तर शोधलं होतं. वाया जाणाऱ्या पाण्याचा कॉक त्याने पार बंद करून टाकला. पहिले काही दिवस गोड पाणी वाढलं. तो इतका खुश झाला की त्याने मला फोन करून, कंपनीने ही युक्ती लोकांपासून लपवली आहे, असं ऐकवलं. महिन्याभरात त्याच्या नळाला थेंब थेंब पाणी येऊ लागलं. मी मेम्ब्रेन बाहेर ओढलं तर ते दगडासारखं जड. क्षारांना बाहेर जायला वाटच ठेवली नव्हती, ते आतच जमून पांढरे घट्ट झाले होते. मी ते टेबलावर आपटलं तेव्हा खडूचा भुगा पडावा तसा ढीग पडला. हॉटेलवाल्याने त्यातला चिमूटभर भुगा बोटांत चोळून बघितला आणि म्हणाला, "म्हंजे हे समदं मी गिऱ्हाइकाला पाजीत व्हतो व्हय आधी?" त्या दिवसापासून त्याने ती पांढरी पूड बरणीत भरून गल्ल्यावर ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, आमच्याकडं पाण्यातून हे काढत्यात, असं सांगू लागला. त्याच्या चहाचं गिऱ्हाईक म्हणे वाढलं.

आता बबनकाकांची गोष्ट.

मी या कामात तशी नवीन होते. कडा गावाच्या पुढे एका खेड्यात ग्रामपंचायतीचा प्लांट होता आणि तो चालवायला बबनकाकांना ठेवलं होतं. जीप चालवायची सोडल्यावर हे काम त्यांना मिळालं होतं, आणि ते प्लांटची खोली देवघरासारखी ठेवत. डिसेंबरात तक्रार आली की पाणी निम्म्यावर आलंय. मी गेले सकाळी आठला. प्लांटला एक उभी पारदर्शक नळी असते. तिच्यातून पाणी वर जातं आणि आतला छोटा फ्लोट पाण्याच्या जोराप्रमाणे वरखाली होतो. फ्लोट जितका वर, तितकं पाणी जास्त. तो तळाशी बसला होता. मी दाब पाहिला, ठीक होता. गाळण्या पाहिल्या, स्वच्छ होत्या. मग सरपंचांना सांगून टाकलं, "मेम्ब्रेन गेलंय."

सरपंचांनी विचारलं, "कावून गेलं? वर्षच तर झालंय."

मी म्हणाले, "देखभाल नीट झाली नसेल तर जातं."

एवढं एकच वाक्य. ते बोलताना माझ्या मनात बबनकाका नव्हतेही. पुस्तकात तसं लिहिलं होतं, मी तसं बोलले. पण काका दारात उभे होते आणि सरपंचांनी त्यांच्याकडे पाहिलं. आठवड्यात त्यांचं काम गेलं. आम्ही नवं मेम्ब्रेन बसवलं. पाणी वाढलं, पण अगदी थोडं. मला कोडं पडलं नाही. मी समाधान मानून घेतलं.

जुनं मेम्ब्रेन माझ्या घरी ओलं ठेवलं होतं. एप्रिलमध्ये ऑफिसात एक प्लांट तपासायला मेम्ब्रेन हवं होतं म्हणून मी तेच घातलं. फ्लोट असा वर उसळला की मी दोनदा पंप बंद करून चालू केला. मेलेलं म्हणून काढलेलं मेम्ब्रेन भरभरून पाणी देत होतं. बदललं होतं ते फक्त ऊन. मी कपाटातून कॉलेजची पुस्तकं काढली, आणि तिथे ते साधंसं वाक्य होतं. पाणी गार झालं की दाट होतं, आणि दाट पाणी पडद्यातून हळू जातं. पाणी जितकं गार, तितकं फ्लोटचं खाली येणं. पडद्याचा काही दोष नाही. चालवणाऱ्याचा तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावाला गेले. काका घराच्या ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणाले. ते म्हणाले, "ताई, मला ठावं होतं."

"काय ठाऊक होतं?"

"सकाळी पानी कमी यायचं आन् दुपारी दोनला वाढायचं. रोज. म्या डोळ्यानं पहात व्हतो. पडदा मेला असता तर दुपारी जिता कसा झाला असता?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलंच न्हाई."

मी सरपंचांकडे जाऊन सगळ्यांसमोर कबूल केलं. सरपंचांनी काकांना परत कामावर यायला सांगितलं, पण काका तयार झाले नाहीत. म्हणाले, एकदा मागं वळून बघितलं की ड्रायव्हर खड्ड्यात जातो. तेव्हा मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायच्या बेतात होते. जुनी व्हॅन घेतली होती आणि ती मला नीट चालवता येत नव्हती. मी त्यांना विचारलं, माझ्याबरोबर काम कराल का. त्यांनी व्हॅनला एक चक्कर मारली, चारही चाकांवर लाथा मारून बघितल्या आणि किल्ली मागितली.

तिथून पुढे आम्ही दोघांनी जिल्हा पालथा घातला. मी आकडे बघायचे, काका माणसं आणि पाणी. ते बोअरचं पाणी जिभेवर ठेवून क्षारांचा अंदाज सांगत आणि मी मीटर लावून बघे. मीटर आणि काकांमध्ये फारसा फरक निघत नसे, आणि निघाला की काका मीटरचा सेल बदलायला सांगत.

आमचं सगळ्यात मोठं यश आम्हाला नांदूरघाटाच्या अलीकडच्या एका गावात मिळालं. आज आठवलं तरी मला एकटीला हसू येतं.

त्या गावात प्लांट बायकांचा बचत गट चालवत होता. गटाच्या अध्यक्ष रुक्मिणबाई. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज असा की टाकीवरून हाक मारली तर वेशीवर ऐकू जावी. प्लांट सुरू झाला त्या दिवशी फ्लोट नळीत जिथे उभा राहिला, तिथे त्यांनी सुनेच्या लाल नेलपॉलिशने एक रेघ ओढून ठेवली होती. रोज सकाळी प्लांट लावायचा आणि रेघ बघायची. फ्लोट रेघेवर असला की सगळं बरं.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. "ताई, फ्लोट रेघेच्या पार खाली गेलाय. उद्या ग्रामसभा हाय. आबासाहेब म्हणत्यात, बायकांना झेपत न्हाई, प्लांट दुसऱ्याला चालवायला द्या. तुमी आज या."

आबासाहेब म्हणजे गावचे उपसरपंच. माणूस वाईट नव्हता, पण गावातलं प्रत्येक कुलूप आपल्या हातचं असावं असं त्यांना वाटे. प्लांट ते आपल्या पुतण्याला देऊ पाहत होते. पाण्यासाठी रांगा वाढल्या होत्या, एका कॅनला दुप्पट वेळ लागत होता, आणि लोक वैतागले होते. गटातल्या बारा बायकांनी उन्हातान्हात बसून तो प्लांट तीन वर्षं चालवला होता. तो असा जाणार होता.

आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. मी आत जाऊन टाकीतून येणाऱ्या पाण्याला हात लावला आणि मला हसूच फुटलं. बोटं बधिर झाली. टाकी शाळेच्या गच्चीवर, रात्रभर थंडी खात उभी. मी थर्मामीटर न लावताच रुक्मिणबाईंना सांगितलं, "काही झालेलं नाही. थंडी आहे. पाणी गार झालं की पडद्यातून हळू जातं." कैरी, अभ्रा, सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांनी ती जुनी चूक माझ्या तावडीत सापडली होती, त्यामुळे मी जरा जास्तच रंगात होते.

रुक्मिणबाई म्हणाल्या, "थंडी काय पहिल्यांदाच पडली का ताई? मागल्या थंडीत रेघेच्या बोटभर खाली आलता. औंदा चार बोटं गेलाय."

मी म्हणाले, "यंदा थंडी जास्त आहे."

काका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी मान वाकडी करून छताकडे पाहिलं. ही त्यांची खूण मला माहीत झाली होती. मी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

"थंडी हाय," काका म्हणाले. "पन एवढी न्हाई." मग त्यांनी टाकीच्या नळाखाली ओंजळ धरली, घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि रुक्मिणबाईंना विचारलं, "बाई, धुन्याला साबणाचा फेस येतो का?"

"कुठला फेस? दिवाळीपासून साबण नुसता दगडावानी फिरतोय. आमाला वाटलं, साबणच खोटा हाय."

"दिवाळीला काय झालंतं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीने हळूच सांगितलं. दिवाळीनंतर आबासाहेबांनी पुढाकार घेऊन नवीन बोअर घेतलं होतं. खूप खोल, पाणी धो धो. फीत कापली, नारळ फोडला, आणि जुन्या बोअरचा पाइप बंद करून नव्याचं पाणी टाकीला जोडलं. जुन्या बोअरची मोटार तशीच पडून होती.

मी मीटर लावला. टाकीतल्या पाण्यात क्षार माझ्या जुन्या नोंदीच्या जवळपास तिप्पट होते. आता सगळं उलगडलं. पाणी जितकं खारं, तितकी मिठाची ओढ जास्त. आमच्या पंपाचा दाब तेवढाच. त्यातला मोठा वाटा ओढ मोडण्यातच खर्च होत होता, पाणी ढकलायला कमीच उरत होता. त्यात वरून थंडी. दोन्ही गोष्टी एकाच हंगामात आल्या, म्हणून प्रत्येकाला आपापल्या मनातलं एकच कारण दिसलं. आबासाहेबांना बायका दिसल्या आणि मला थंडी.

मी काकांकडे पाहिलं. ते थर्मामीटर पुसत होते, जणू काही झालंच नाही.

उपाय जुन्या बोअरमध्येच होता. त्याचं पाणी कमी खारं, आणि शिवाय जमिनीखालून येणारं पाणी थंडीत कोमट असतं. पहाटे बोअर सुरू केलं की पाण्यावर वाफा दिसतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ते पाणी गच्चीवरच्या टाकीत न चढवता थेट प्लांटला दिलं तर एकाच वेळी दोन्ही दुखणी जाणार होती. मी हे सांगितलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच पाइप आणायला माणसं पिटाळली.

दुपारभर आम्ही जोडकाम केलं. बचत गटाच्या बायका पाइप धरत होत्या, काका कापत होते, मी सोल्युशन लावून जोडत होते. रुक्मिणबाई प्रत्येक जोडावर हात ठेवून, 'धर बाबा, नीट धर', असं पाइपालाच बजावत होत्या. पण सोल्युशन वाळायला रात्र जाऊ द्यावी लागते, नाहीतर दाबाने जोड निसटतात. म्हणजे चालवून बघायची सोय नव्हती. प्लांट साध्या लाइटवर चाले, पण बोअरच्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट त्या आठवड्यात सकाळी अकराला येत होती, आणि ग्रामसभा तर दहालाच. जे काय व्हायचं ते लोकांसमोरच पहिल्यांदा होणार होतं.

रुक्मिणबाईंनी विचारलं, "व्हईल ना ताई?"

"होईल," मी म्हणाले. कागदावर तर होत होतं.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, आणि शाळेच्या पटांगणात सभा भरली. आबासाहेब खुर्चीवर, शेजारी ग्रामसेवक वही घेऊन. इतर विषय भराभर संपले. मग आबासाहेब उभे राहिले. "प्लांटचा विषय. माय-माउल्यांनी लई कष्ट केले, आमी मान्य करतो. पन मशीनचं काम हाय, ते मशीन कळणाऱ्याकडं असावं."

रुक्मिणबाई उठल्या. "मशीन काय म्हणतंय ते मशीनलाच इचारू की. चला प्लांटवर."

ग्रामसेवकाने आबासाहेबांकडे पाहिलं. पण तोवर अर्धी सभा उठली होती. सव्वीस जानेवारीची सुट्टी, छान ऊन, आणि फुकटचा तमाशा कोण सोडणार. दीडशे-दोनशे माणसं प्लांटच्या खोलीभोवती जमली. खिडक्यांतून डोकी, दारात डोकी. मी आधी टाकीचं पाणी चालू केलं आणि सगळ्यांना नळी दाखवली. फ्लोट रेघेच्या चार बोटं खाली.

"बघा," आबासाहेब म्हणाले.

"हे टाकीचं पाणी," मी म्हणाले. "आता बोअरचं बघू."

आणि आम्ही लाइटची वाट बघत उभे राहिलो. अकरा वाजून पाच मिनिटं. दहा मिनिटं. मागून कुणीतरी म्हणालं, आज प्रजासत्ताक दिनाची लाइटलाबी सुट्टी असंल. लोक हसले. मी हसले नाही. रुक्मिणबाईंनी पदर खोचला आणि स्टार्टरच्या दिव्याकडे बघत उभ्या राहिल्या. सव्वा अकराला दिवा लागला.

काकांनी मोटार सुरू केली. पाइप थरथरला, जोड टिकले, आणि नव्या पाइपातून जे बाहेर आलं ते लालसर गढूळ पाणी होतं. बरेच दिवस बंद असलेल्या बोअरचा गाळ. ते मी आधी बाहेर सोडणारच होते, पण लोकांना ते कुठे माहीत. गर्दीतून 'अरारा' असा आवाज निघाला. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मी वाट पाहत राहिले. पाच मिनिटं, सात मिनिटं.  मग पाणी पिवळट झालं, मग फिकट, मग काचेसारखं.

काकांनी कॉक फिरवून ते वाळूच्या गाळणीकडे वळवलं. मी दाबाचा पंप लावला. फ्लोट जागचा हलला. थोडा वर आला, थबकला, पुन्हा वर आला.  खिडकीतला एक म्हातारा म्हणाला, "चढतोय." मग सगळेच पुटपुटू लागले, चढतोय, चढतोय. फ्लोट लाल रेघेला टेकला, आणि तिथे न थांबता रेघेच्या वर एक बोट जाऊन उभा राहिला.

पुढे जो कल्ला झाला तो मला नीट सांगता येणार नाही. रुक्मिणबाईंनी मला उचललं. अक्षरशः उचललं. मी काही हलकी बाई नाही. बायका हसत होत्या, खिडकीतली माणसं मागच्यांना आकडे ओरडून सांगत होती, आणि ज्यांना आतलं काही दिसत नव्हतं तेही हसत होते.

आबासाहेबांनी विचारलं, "मग माझ्या बोअरच्या पाण्याला काय झालंय?"

 मी जपून म्हणाले, "बोअर खोल आहे आबासाहेब. पाणीही भरपूर आहे. पण क्षार जास्त आहेत. धुण्याला आणि पडद्याला ते सोसत नाही."

"मग मला कावून सांगितलं न्हाई आधी कुणी?"

रुक्मिणबाई म्हणाल्या, "तुमी फीत कापीत व्हता."

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर एक क्षणभर काय होतं ते मला कळलं नाही. मग त्यांच्याच मिशा हलू लागल्या. ते हसत होते. ते हसले म्हटल्यावर पुतण्यालाही हसावं लागलं.

तेवढ्यात बाहेर एका बाईने नव्या पाइपाच्या जादा पाण्याखाली हात धरला आणि 'अगं, ऊन हाय' म्हणाली. झालं. बायका पाइपाकडे धावल्या. जानेवारीच्या थंडीत कोमट पाणी, तेही विस्तव न पेटवता. कुणी हात धुवी, कुणी तोंड, कुणी दुसरीच्या अंगावर उडवी. दोघी म्हाताऱ्या पायांवर पाणी घेऊन डोळे मिटून उभ्या होत्या. काका आबासाहेबांना म्हणाले, "तुमीबी बघा की हात लावून." आबासाहेबांनी बाह्या सारल्या आणि हात पाण्याखाली धरला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

ग्रामसेवक पटांगणातून हाका मारत होता. सभा संपवायची होती. सगळे तसेच परत गेले. त्याने विचारलं, प्लांट बचत गटाकडे ठेवण्याच्या बाजूने कोण. हात वर झाले. बायकांचे हात ओले, कोपरापर्यंत पाणी निथळत होतं. पुरुषांचेही बरेच हात ओले. ग्रामसेवक मोजू लागला आणि अर्ध्यावर थांबला, कारण त्याच्या शेजारच्या खुर्चीवरून आबासाहेबांचाही ओला हात वर गेला होता. त्या हातातून एक थेंब त्याच्या वहीवर पडला. त्याने तो बोटाने पुसला आणि 'सर्वानुमते' असं लिहिलं.

जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. मग आम्ही निघालो. गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर काकांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मला वाटलं, चाक बसलं.

"काय झालं काका?"

त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं होतं. खांदे हलत होते. मी घाबरले, पण त्यांनी मान वर केली तर डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"हसू आवरंना ताई. अशी गाडी चालवली तर दोघंबी खड्ड्यात."

मग आम्ही दार उघडं टाकून, रस्त्याकडेच्या उन्हात बसून, पोट दुखेपर्यंत हसलो. येणारेजाणारे ट्रॅक्टरवाले वेग कमी करून आमच्याकडे बघत होते. त्यांनाही आम्ही हात केले.